"पुरावा नाही म्हणून सुटला" म्हणजे नक्की काय? घडून गेलेली गोष्ट पुराव्यावरून कशी ठरवतात

१७ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. चाळीस वर्षांहून जास्त काळ वकिलांनी आणि लोकांनी ह्यासाठी आंदोलनं केली होती, त्यामुळं आनंद मोठाच होता. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांची अपिलं इथंच चालतात. साहजिकच इथल्या पेपरात निकालाच्या बातम्या वाढल्या आणि बातमीत शब्द पण तेच तेच, "परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही", "संशयाचा फायदा", "साक्षीदार फितूर". मग रंकाळ्यावर फिरताना असो, मिसळीच्या टेबलावर असो नाहीतर व्हॉट्सअपच्या ग्रुपवर, चर्चा एकच, "अख्ख्या गावाला माहिती हाय कुणी केलं ते, आणि कोर्ट म्हणतंय पुरावाच न्हाई, असं कसं ओ?"

प्रश्न रास्त आहे आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्यासाठी तर तो जीव जाळणारा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर "कोर्टं अशीच असतात" हे नाही. घडून गेलेली गोष्ट कुणालाच परत बघता येत नाही, न्यायाधीशांना नाही, पोलिसांना नाही, इतिहास लिहिणाऱ्याला पण नाही. मागं राहिलेल्या खुणांवरून ती मांडावी लागते आणि त्या मांडणीची एक पद्धत आहे. ती एकदा समजली की बातमी वाचताना निकाल बरोबर की चूक हे निदान स्वतःच्या डोक्यानं ठरवता येतं.

पुरावा आपणहून बोलत नाही

कोल्हापूरकरांना पुराचं उदाहरण सगळ्यात जवळचं, तेच घेतो. २०१९ला आणि परत २०२१ला शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला, दसरा चौकात पाणी शिरलं, पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. समजा एक दुकानदार सांगतो की दुकानात सहा फूट पाणी होतं आणि दहा लाखाचा माल गेला. भिंतीवर सहा फुटाला गाळाची रेघ आहे. आता ही रेघ काय सांगते? पाणी तिथवर आलं होतं, एवढंच. माल किती होता, तो खाली होता का माळ्यावर, आदल्या रात्री हलवला होता का, ह्यातलं काही ती रेघ सांगत नाही. त्याला खरेदीची बिलं लागतील, जीएसटीचं रिटर्न लागेल, सडलेला माल तिथं पडलेला दिसला पाहिजे. आणि ती रेघ २०२१ची का २०१९ची राहून गेलेली हे कळायला शेजारच्या दुकानाची भिंत बघावी लागेल.

म्हणजे प्रत्येक पुराव्याला दोन प्रश्न विचारायचे. एक, हा खरा आहे का, म्हणजे जे आहे म्हणून दाखवतायत तेच आहे का. दोन, खरा धरला तरी तो नेमकं कुठपर्यंत सांगतो. लोकांचा सगळा घोळ दुसऱ्या प्रश्नात होतो, पुरावा एक पाऊल चालतो आणि आपण त्याच्या नावावर दहा पावलं पुढं जातो.

कोल्हापूरचंच एक जुनं प्रकरण

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच संस्थानच्या इतिहासात आहे आणि मला ते शाळेत जेवढं दोन ओळीत शिकवतात त्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

१८८० नंतरची गोष्ट. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज, वय जेमतेम अठरा-एकोणीस. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली आणि कारभारी माधवराव बर्वे. महाराजांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सरकार म्हणत होतं, आणि महाराजांना मुद्दाम छळून त्या अवस्थेला आणलं जातंय अशी लोकांत बोलवा होती. १८८१च्या जानेवारीत पुण्यात केसरी आणि मराठा ही दोन पत्रं सुरू झाली होती, केसरीचे संपादक आगरकर, मराठाचे टिळक, दोघंही पंचविशीच्या आसपासचे. त्यांच्यापर्यंत काही पत्रं पोचली. ती बर्व्यांनीच लिहिलेली आहेत असं सांगितलं गेलं आणि महाराजांच्या विरोधात कट आहे असं त्यातून दिसत होतं. दोघांनी आवाज उठवला, कडक लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला लावला. खटल्याच्या वेळी महात्मा फुल्यांच्या वर्तुळातले रामशेठ उरवणे जामीन राहिले, मतं वेगळी असताना सुद्धा, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

पुढं ती पत्रं बनावट ठरली. टिळक आगरकरांनी माफी मागितली, बर्व्यांनी खटला मागं घेतला नाही, आणि १८८२च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ऑक्टोबरच्या शेवटी ते सुटले.

आता इथं थांबून एकेक धागा वेगळा करूया.

पहिलं, अब्रुनुकसानीत "मी लिहिलं ते खरं आहे" असा बचाव घ्यायचा असेल तर ते खरं आहे हे आरोपीनंच सिद्ध करायचं असतं. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी टिळक आगरकरांवर होती. कायद्यात ह्या जबाबदारीला पुराव्याचा भार म्हणतात. नेहमीच्या खुनाच्या खटल्यात हा भार सरकारी पक्षावर असतो, आरोपीनं गप्प बसलं तरी चालतं. भार कुणावर आहे ह्यावर निम्मा निकाल अवलंबून असतो, कारण जिथं दोन्ही बाजूंनी काहीच पक्कं निघत नाही तिथं ज्याच्यावर भार तो हरतो.

दुसरं, पत्र हा पुरावा आहे का हे त्यातल्या मजकुरावरून ठरत नाही. ते कुणाच्या हातचं, मूळ आहे का नक्कल, लिहिणाऱ्याकडून इथवर कुणाकुणाच्या हातातून आलं, मधल्या माणसाला काय फायदा होता, हे आधी बघायचं. मजकूर आपल्या संशयाशी जितका तंतोतंत जुळतो तितकं जास्त सावध व्हायचं, कारण बनावट करणाऱ्याला आपल्याला काय ऐकायचंय हे माहिती असतं. आणि तेच पत्र दोन पेपरात छापून आलं म्हणून पुरावे दोन होत नाहीत, मूळ एकच. "अख्ख्या गावाला माहिती आहे" ह्याचं पण असंच आहे, पन्नास लोक सांगतायत पण पन्नासही जणांनी एकाच माणसाकडून ऐकलं असेल तर साक्षीदार एकच, आणि तो पण कोर्टात आलेला नाही.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पत्रं खोटी ठरली ह्याचा अर्थ महाराजांचा छळ होत नव्हता असा होतो का? नाही होत. एक पुरावा पडला म्हणजे तो दावा त्या पुराव्यावर उभा राहू शकत नाही, एवढंच. दावा खरा का खोटा हा प्रश्न आपल्या जागी तसाच राहतो, दुसऱ्या पुराव्याची वाट बघत.

चौथं, २५ डिसेंबर १८८३. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं, म्हणजे आजचं अहिल्यानगर. तिथं देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाबरोबर झटापट झाली आणि त्यात महाराजांचा मृत्यू झाला. वय वीस. लोक म्हणाले, बघा, टिळक आगरकर खरंच सांगत होते. ही भावना मला पूर्ण समजते, ते वाचताना आजही गलबलून येतं. पण नंतर काय घडलं त्यावरून आधीची पत्रं खरी होत नाहीत. नगरच्या किल्ल्यातला मृत्यू हा नगरच्या किल्ल्यात काय चाललं होतं ह्याचा पुरावा आहे, महाराजांना कसं वागवलं जात होतं ह्याबद्दल तो खूप गंभीर प्रश्न उभा करतो, ज्यांच्या ताब्यात ते होते त्यांना जबाब द्यायला लावतो. पण १८८१-८२ला कोल्हापुरात अमुक माणसानं अमुक कट केला हे त्यातून निघत नाही. दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या म्हणून त्यांना जोडणारा दुवा आपोआप तयार होत नाही, तो वेगळा शोधावा लागतो.

पुरेसं म्हणजे नक्की किती?

मग इतिहास लिहिणारे महाराजांच्या छळाबद्दल काहीच म्हणू शकत नाहीत का? म्हणू शकतात, कारण त्यांचं माप वेगळं आहे. इतिहासात "उपलब्ध कागदांवरून जास्त पटणारं हे आहे" असं म्हणता येतं, उद्या नवा कागद सापडला तर बदलता येतं, कुणी फासावर जात नाही. जमिनीच्या किंवा पैशाच्या दिवाणी दाव्यात दोन बाजूंपैकी कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय ते बघतात, पारडं थोडं जरी एकीकडं झुकलं तरी निकाल लागतो. फौजदारीत मात्र वाजवी संशय शिल्लक राहता कामा नये. कुठलाही काल्पनिक संशय नव्हे, शहाण्या माणसाला रेकॉर्ड बघून पडेल असा संशय.

म्हणूनच एकाच घटनेवर तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गल्लीतल्या चर्चेचं माप यातलं कुठलंच नसतं, तिथं बहुतेक वेळा गोष्ट जुळली की पुरतं.

"परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे कच्चा पुरावा ना?"

हा फार मोठा गैरसमज आहे. डोळ्यांनी बघितलेल्याची साक्ष म्हणजे प्रत्यक्ष पुरावा, आणि आजूबाजूच्या गोष्टींवरून निष्कर्ष काढायला लागतो तो परिस्थितीजन्य. प्रत्यक्ष बघणारा माणूस चुकतो, घाबरतो, विकला जातो, अंधारात एकाला दुसराच समजतो. परिस्थिती खोटं बोलत नाही, पण तिचा अर्थ लावणारे आपण चुकतो. दोन्हीला आपापले धोके आहेत, त्यात एक उच्च आणि एक नीच असं काही नाही. नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर फाशी झालेली प्रकरणं पण आहेत.

ह्या विषयावर देशभरात आज जो निकाल सगळ्यात जास्त वापरला जातो तो आपल्या महाराष्ट्रातलाच, सारडा खटला, सुप्रीम कोर्ट, १९८४. पुण्यात १९८२ला एका नवविवाहित मुलीचा पोटॅशियम सायनाइडनं मृत्यू झाला. नवऱ्याला खालच्या कोर्टात फाशी, हायकोर्टात पण कायम. मुलीनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती, त्यात तिची घुसमट दिसत होती. सरकारी पक्ष म्हणाला, बघा छळ होता, म्हणजे खून. सुप्रीम कोर्टानं तीच पत्रं वाचली आणि विचारलं की इतकी खचलेली मुलगी आत्महत्या पण करू शकते, ती शक्यता तुम्ही कशी खोडली? ती खोडता आली नाही आणि नवरा सुटला.

निकाल पटो न पटो, पण त्यात कोर्टानं जी कसोटी घालून दिली ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक परिस्थिती आधी पक्की सिद्ध झालेली पाहिजे, "असेल" चालत नाही. सगळ्या मिळून फक्त आरोपीच्या दोषाकडं बोट दाखवणाऱ्या पाहिजेत. त्या निर्णायक स्वरूपाच्या पाहिजेत, दुसरी कुठलीही वाजवी गोष्ट त्यात बसता कामा नये, आणि साखळी अशी सलग पाहिजे की मध्ये एक पण कडी गळालेली नको.

हे एका काल्पनिक प्रकरणावर लावून बघूया. शेताच्या बांधावरून दोघांचं भांडण. एकाचा मृतदेह सकाळी उसात सापडतो. दुसऱ्याबद्दल पोलिसांकडं चार गोष्टी आहेत, संध्याकाळी सातला दोघं एकत्र दिसले, त्याच्या मोबाईलचं टॉवर लोकेशन त्याच भागातलं, शर्टावर मयताच्या गटाचं रक्त, आणि बांधाचा वाद म्हणजे कारण. ऐकताक्षणी वाटतं, झालं, आणखी काय पाहिजे. आता एकेक कडी वाकवून बघा. मृत्यू पहाटे तीनला झाला असेल तर सात ते तीन ह्या आठ तासात कितीतरी लोक येऊन गेले असतील. टॉवर लोकेशन फोन कुठल्या टॉवरच्या टप्प्यात होता ते सांगतं, गावाकडं तो टप्पा काही किलोमीटरचा असू शकतो आणि आरोपीचं घर त्याच टप्प्यात असेल तर त्या लोकेशनला अर्थच उरत नाही. नुसता रक्तगट हजारो लोकांचा एकच असतो, डीएनए जुळला तर गोष्ट बदलते, पण तरी तो रक्त कुणाचं ते सांगतो, कधी आणि कसं लागलं ते नाही. आणि बांधाचा वाद असणारे गावात आणखी दहा निघतील.

उलट, मृत्यू साडेसातला झाला, शर्टावरचा डीएनए जुळला, आरोपीनं त्या रात्री कुठं होतो ते सांगितलं ते खोटं निघालं, आणि त्याच्या घरात मयताचा फोन सापडला, तर प्रत्यक्ष बघणारा एकही नसताना साखळी पूर्ण होते. सरकारी पक्षाचं खरं काम पुरावे गोळा करून ढीग लावायचं नाहीच, बाकीच्या शक्यता एकेक करून बंद करायचं आहे. तपासात हेच सगळ्यात कमी होतं असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा संशयित ठरला की त्याच्या विरोधातलं शोधलं जातं, पण "हा नसेल तर कोण" हे कुणी तपासत नाही, आणि मग उलटतपासणीत वकील नेमका तोच प्रश्न विचारतो आणि उत्तर तयार नसतं.

"अहो पण त्यानं पोलिसांकडं कबुली दिली होती की!"

बातमीत येतं, "आरोपीची गुन्ह्याची कबुली", आणि वर्षांनी येतं, "निर्दोष सुटका". लोक चिडतात. पण मोक्कासारखे काही खास कायदे सोडले तर पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही, १८७२च्या पुरावा कायद्यापासून ते १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमापर्यंत हा नियम तसाच आहे. कारण उघड आहे, मारून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं.

नेहमीच्या खटल्यात ह्याला एक फट आहे. आरोपी म्हणाला, "मी त्याला कोयत्यानं मारलं आणि कोयता नदीकाठच्या झुडपात टाकलाय, दाखवतो", आणि पंचांसमोर तो खरंच तिथून निघाला, तर त्या वाक्याचा फक्त तेवढाच भाग चालतो जेवढा त्या सापडण्याशी जोडलेला आहे, म्हणजे कोयता कुठं आहे हे त्याला माहिती होतं. "मी मारलं" हा भाग गळून पडतो. मग तो कोयता आणि हा खून ह्यांचा संबंध प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरून लावायचा. इथंच कितीतरी खटले ढासळतात, पंच कोर्टात येऊन म्हणतो मी पोलीस स्टेशनात कोऱ्या कागदावर सही केली, किंवा मुद्देमालाचं सील नीट नव्हतं, किंवा वस्तू जप्त झाली सोमवारी आणि लॅबला पोचली महिन्यानं आणि मधे कुठं होती ह्याची नोंद नाही. बर्वे प्रकरणातल्या पत्रांना विचारला तोच प्रश्न, कुणाच्या हातातून आलं.

"गुन्ह्यातल्याच माणसाच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा?"

माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला पण माफीच्या बदल्यात सगळं सांगायला तयार झालेला माणूस. ह्याचं कोल्हापूरला विसरता न येणारं उदाहरण म्हणजे गावित बहिणींचं बालहत्याकांड. १९९६ला अटक झाली, दोघींपैकी रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. आरोप १३ मुलांच्या अपहरणाचे आणि ९ खुनांचे. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ला दोघींना फाशीची शिक्षा सुनावली, हायकोर्टानं २००४ला आणि सुप्रीम कोर्टानं २००६ला ती कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारकडून झालेल्या प्रचंड उशिरामुळं हायकोर्टानं जानेवारी २०२२मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

अशा साक्षीदाराला स्वतःची मान सोडवायची असते, म्हणून त्याचं म्हणणं महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसऱ्या स्वतंत्र पुराव्यानं पक्कं व्हायला लागतं. जुन्या कायद्यात ही गोष्ट जरा आडवळणानं लिहिली होती, नव्या कायद्याच्या कलम १३८मध्ये साथीदाराच्या साक्षीला पुष्टी पाहिजे हे सरळ घातलंय. आणि ९ खुनांच्या आरोपांपैकी शेवटी ५ सिद्ध ठरले. बाकीची लेकरं गेलीच नाहीत असा त्याचा अर्थ अजिबात नाही. प्रत्येक खुनाचा पुरावा वेगवेगळा तपासला गेला, एका खुनाचा पक्का पुरावा दुसऱ्या खुनाला उसना देता येत नाही. त्या आईबापांना हे ऐकवणं किती कठीण असेल ह्याची कल्पना सुद्धा करवत नाही, तरी नियम हाच आहे.

"आता सीसीटीव्ही आहे, मोबाईल आहे, मग कसली अडचण?"

अडचण कमी झाली, संपली नाही. फुटेजची नक्कल पेन ड्राइव्हवर कोर्टात दिली तर ती कुठल्या मशीनमधून, कुणी, कशी काढली ह्याचं प्रमाणपत्र सोबत लागतं. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून आलेल्या खटल्यात २०२०ला सुप्रीम कोर्टानं हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे असं स्पष्ट केलं. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यू पण द्यायची असते, म्हणजे फाईलवरून गणित करून निघणारा एक लांबलचक आकडा, फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा पूर्ण बदलतो, त्यामुळं छेडछाड लपत नाही. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पण आता कायद्यानं करायचं आहे, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची टीम जागेवर न्यायची तरतूद पण आलीय. नीट अंमलात आलं तर पंच फितूर झाल्यानं पडणाऱ्या खटल्यांना ह्याचा मोठा आधार होईल, म्हणून मला ह्या तरतुदी मनापासून महत्त्वाच्या वाटतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, फुटेज कॅमेऱ्यासमोर काय घडलं ते दाखवतं. कॅमेऱ्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असेल तर सगळी वेळच चुकते आणि ते घड्याळ जप्तीच्या वेळी तपासून पंचनाम्यात लिहिलं नसेल तर नंतर सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

"मग सुटला म्हणजे त्यानं केलंच नव्हतं?"

कोर्ट दोन वेगळ्या गोष्टी म्हणू शकतं. कधी निकालात लिहिलेलं असतं की आरोपीला खोटं गुंतवलं होतं, किंवा तो तिथं नव्हताच हे दिसतं. कधी एवढंच लिहिलेलं असतं की सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. पेपरात दोन्हीला "निर्दोष" हाच शब्द येतो आणि फरक पुसला जातो. म्हणून ज्या निकालावर मत बनवायचंय तो निकाल स्वतः उघडून बघावा, मुंबई हायकोर्टाचे निकाल त्यांच्या वेबसाईटवर फुकट वाचायला मिळतात, इंग्रजी असतात पण शेवटची काही पानं वाचली तरी कुठली कडी तुटली ते कळतं. तरी कायद्याच्या नजरेत दोघंही निर्दोष आणि तसंच पाहिजे. त्याच्या पोराला शाळेत, त्याच्या बायकोला नळावर "सुटला असंल कसाबसा" हे ऐकायला लागू नये.

"इतके नियम पाळत बसलं तर गुन्हेगार मोकाट सुटतील"

काही सुटतात, हे खरं आहे, नाकारून उपयोग नाही. पण चुकीचा माणूस आत गेला तर नुकसान दुप्पट होतं, एक निरपराध जातो आणि खरा गुन्हेगार गावातच फिरत राहतो, शिवाय केस बंद झालेली असल्यामुळं त्याला आता कुणी शोधत पण नाही. मयताच्या घरच्यांना तर ह्यातून काहीच मिळत नाही, त्यांना कुणीतरी एक आत गेलेला नको असतो, ज्यानं केलं तो पाहिजे असतो. राग करायचा असेल तर तो ढिसाळ पंचनाम्यावर, महिनाभर कपाटात पडलेल्या सॅम्पलवर, वर्षानुवर्षं न लागणाऱ्या तारखांवर करायला पाहिजे, कारण कडी तुटते ती तिथं, निकालाच्या दिवशी ती तुटलेली फक्त दिसते.

सुटकेनंतर काय करता येतं

एकदा सुटका कायम झाली की त्याच गुन्ह्यासाठी त्याच माणसावर परत खटला चालवता येत नाही, नवा पुरावा सापडला तरी. पण सुटका कायम होण्याआधी अपील असतं. पूर्वी ते करायचं का नाही हे बहुतेक वेळा सरकारच्या हातात होतं. ३१ डिसेंबर २००९पासून पीडिताला किंवा त्याच्या वारसांना सुटकेविरुद्ध स्वतः अपील करायचा हक्क मिळालाय आणि तो फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात पण कायम आहे. हे अजून खूप घरांना माहिती नसतं, ते सरकारी वकिलांच्या निरोपाची वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते. अपिलात शक्यतो खालच्या कोर्टात आलेला पुरावाच परत तपासला जातो, नवीन पुरावा क्वचित घेतात. म्हणून निकाल लागल्या लागल्या प्रमाणित नक्कल मागवायची, साक्षीदारांचे जबाब आणि पंचनाम्यांच्या प्रती काढायच्या, आणि वकिलाला नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" सांगण्यापेक्षा कुठल्या मुद्द्यावर कोर्टानं संशय धरलाय आणि त्या मुद्द्यावर रेकॉर्डमध्ये कुठल्या पानावर काय आहे हे सोबत बसून शोधायचं.